नाडी ओवताना

ग्रिम्सबीला मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आधी
माझी पाळी संपते. आज नाही संपली.
पडद्यावर मॉरीन टास्कर, वय अठ्ठावन्न,
डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला गाठ.
पित्ताचे खडे शोधताना सापडलेली,
न बोलावता आलेली.

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या: तिघांचा गुंता.
चरबी काळी दिसते, उणे ऐंशी.
अहवालातला तो इंग्रजी शब्द मराठीत ‘सौम्य’ होतो,
शेजारच्या मुलीचं नाव असावं तसा.
सौम्या कुणाच्या अध्यात नसते, मध्यात नसते.
एखाद्या दिवशी, भांडी विसळताना वगैरे,
फुटते.

म्हणून मोजायचं.
गाठ चार पॉइंट सहा सेंटिमीटर. पण आकार अर्धंच सांगतो.
धमनीचा टप्पा पुन्हा उघडते, एकेक काप सरकवते,
आणि पांढऱ्या फांदीवर तो फुगवटा,
भिजलेल्या साबुदाण्याएवढा. सात मिलिमीटर.
भिंतीत ताण धरायला काही नाही,
धुऊन धुऊन सैल पडलेलं इलास्टिक.

गुरुवारी ती समोर बसली.
मी दाखवायच्या आत बोट ठेवलं बरोबर तिथेच.
“चाळीस वर्षं हॅडॉक सोललेत, बाई.
असं काही दिसलं की सुरी लांबून फिरवायची.”
मग हळूच, “फुटेल?”

माझ्याकडे आकडा आहे, तारीख नाही.
हे मी जरा लांबवून सांगितलं.
ती म्हणाली, “म्हणजे शनिवारी बोलिंगला जाऊ की नको?”

परकराची नाडी निसटली की आई
सेफ्टीपिनेला टोक अडकवायची
आणि नेफ्यातून आंधळी पुढे सरकायची,
बोटांनी चाचपत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत.
शिलाईपाशी अडली तर ओढायची नाही,
थोडं मागे यायचं.

मी जांघेतून शिरले. तार, तारेवर नळी.
वळणावर अडले. थोडं मागे आले.
साबुदाण्यात बारीक वेटोळी भरली, एक, दोन, चार,
आणि पुढच्या चित्रात
तिथे काहीच उजळलं नाही.

नर्सने मनगट धरलं. नाडी बहात्तर.
पडद्याआडून आवाज आला,
“संपलं असेल तर चहा मिळेल का कुणी देत असेल तर?
दोन साखर.”