काना, मात्रा

ट्रॉम्बेच्या शाळेत, सहावी ब,
खिडकीला जाळी, जाळीला सुकटीचा वास,
तिथे दुर्वा तांडेल वाचताना
जोडाक्षरापाशी येऊन थांबायची,
ओहोटीत होडी चिखलावर बसते तशी.
रेटून उपयोग नसतो.
पाण्याचीच वाट बघावी लागते.

‘चंद्र’ला चंदर म्हणायची, ‘पुस्तक’ला पुसतक,
आणि ‘स्वच्छ’ आला की काहीच नाही,
पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघायची
जणू तो शब्द मीच तिथे टाकून गेले होते.
तिच्या वहीत लाल शाईचे किती गोल केले मी!
तिने त्यांना देठ काढून
बोरं केली होती.

मग दादरला प्रशिक्षण झालं, दोन दिवस, चहा-बिस्किटांसकट.
एका डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मेंदू दाखवला,
अक्रोडासारखा, जागोजाग पेटलेला.
म्हणाल्या, तालाची वाट जिथून जाते
तिच्या शेजारूनच भाषेची जाते,
एक मळली की दुसरीवरचंही गवत दबतं.
खोब्रागडे सर झोपले होते.
मी सगळं उतरवून घेतलं,
आणि खरं सांगायचं तर अक्रोड तेवढा लक्षात राहिला.

सोमवारी लोंढेमामांनी कपाटातून ढोलकी काढली.
एका पुडीवर उंदराचे दात.
एक दोन तीन चार, एकावर टाळी.
पस्तीस टाळ्या एका जागी पडल्या
आणि मग, जराशाने,
एक.
वर्ग हसला. दुर्वाही हसली, तेही उशिरा.

तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
हिला अक्षरं दिसतात,
वेळेवर ऐकू येत नसावीत.

मग रोज मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं
पुस्तक बंद, बाकावर बोटं.
पत्-र. पत्-र.
अर्ध्या ‘त’वर टेक, जोर दे, सोड.
अगं, अर्धं अक्षर आधीच्याच्या खांद्यावर बसतं,
म्हणून त्याचा भार वाढतो.
लघु-गुरू वीस वर्षं शिकवत होते मी,
फळ्यावर अर्धचंद्र आणि आडवी रेघ काढून.
वाजवून कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्ट गेला. काही नाही.
सप्टेंबरात पुडी फाटली.
मुख्याध्यापक म्हणाले, बाई, अभ्यासक्रम?
म्हटलं, चालू आहे.
खोटं बोलले की खरं, मलाच ठाऊक नव्हतं.

एकदा कसलासा फॉर्म द्यायला कोळीवाड्यात गेले
तर ही आईशेजारी, हातात सूप,
जवळा पाखडत होती.
फट फट सर्र, फट फट सर्र,
दोन्ही सुपं एकाच क्षणी वर,
जवळा इकडे, कचरा तिकडे,
आणि दोघी भलत्याच गप्पांत.
आई म्हणाली, “जमत नव्हता तिला, बाई. सगला सांडायची.
यंदाच हात बसलाय.”
मी तिला ‘पत्र’ म्हणायला लावलं नाही.
फॉर्म तसाच पर्समध्ये घेऊन परत आले.

अक्षराच्या डोक्यावरची ती मात्रा,
तालात मोजतात तीही मात्रा,
आणि वैद्य मधात उगाळून देतो तीही,
लागू पडली तर पडली.
काना लिहिताना तर आधी कानच लिहावा लागतो.

जानेवारीत जेट्टीवर नेलं वर्गाला.
गंजकी पाटी, वाच म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
दुर्वा थांबली.
चपलेचं टोक सिमेंटवर हलकंच,
भरतीच्-या वेळी धक्-क्या-वर
थांबण्-यास
आणि ‘सक्त’पाशी अडली.
मागे गेली. पुन्हा चपलेचं टोक.
सक्-त.
सक्त मनाई.

पोरांनी एकदम टाळी दिली, एकाच जागी,
आणि मग, जराशाने,
एक.
ती माझी.