सातवा रकाना

तहान लागण्याआधी विहीर खणायची,
एवढंच आमच्या खात्याचं काम.
फक्त ही तहान अजून जन्मलेली नाही
आणि विहीर खणायची दुसऱ्याच्या अंगणात,
शंभर किलोमीटरवर.

टेबलावर तक्ता आहे. सहा रकाने:
वर्ष, माणसं, दरडोई लिटर, गरज, पुरवठा, तूट.
मी पेन्सिलीनेच भरते आधी,
संगणकात आकडा फार लवकर खरा वाटायला लागतो.
वर्ष २०५१. माणसं...
लिहिते, खोडते, चार लाखांनी वाढवते.
खोडरबराच्या भुशात एक अख्खं मुलुंड
टेबलावरून खाली पडतं.

दरडोई एकशे पस्तीस. पुस्तकात.
ज्या डोईवर हंडा आहे
ती डोई यात धरली आहे का,
मी दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा चहा आला.

रेडीज चावीवाल्याला तक्ता वाचून दाखवला.
अठ्ठावीस वर्षं पहाटे साडेतीनला
लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघणारा माणूस.
भांडुपच्या टेकडीखालच्या त्याच्या झडपेला चौतीस आटे.
चौतीस फिरवले तर पाणी वरच्या आळीत पोचतं,
एकतीसला थांबलं तर
वर नुसता नळाचा खोकला.
तो म्हणाला, मॅडम, तुमचं २०५१
मला आट्यांमध्ये सांगा.

रात्री तो रस्त्याला सळई लावतो, सळईला कान.
कुठे पाणी मुरतंय ते त्याला ऐकू येतं.
गळती बोलते, म्हणतो, चोरी गप्प असते.
मी टिपणात लिहिलं: आधी गळती.
बैठकीत कोणी नाही म्हणालं नाही.
एकाने फक्त हसून विचारलं,
बुजवलेल्या भोकाच्या उद्घाटनाला
फीत कुठे बांधायची?
समुद्र गोडा करायचा तर विजेचं बिल खारट.
सांडपाणी धुऊन प्यायचं, तर
शुद्ध आहे हो, पण मनात येतं ना.
म्हणून पुन्हा धरण.

मग पाहणीला गेलो, वाड्याच्या पुढे, जंगलात.
झाडांवर तांबड्या रंगाने नंबर.
एका मोहाला दोन पडले होते.
मोजणीदार म्हणाला, असू द्या, मोठा आहे.
बुडीत रेषेच्या आत एक घर,
दारात रखमी बरफ.
नकाशा उलगडायच्या आधी तिने तांब्या पुढे केला:
उन्हातून आलीस, पी.
मी प्यायले. थंड होतं,
मुळांची चव होती त्याला.
मग तिने विचारलं,
तुमचे शेराला रोजचा किती लागतं?
मी दशलक्ष लिटरमध्ये सांगितलं.
ती विहिरीकडे बघत राहिली.
ही हीर किती वेळा उपसायची मंग?

गाडीत बसून भागाकार केला.
उत्तर आलं. लिहिलं नाही.
तिने आणखी एक विचारलं होतं:
धरण झालं म्हणजे आम्हाला पण नळ येल का?
तो पाडा माझ्या तक्त्यात नाही.
तो कोणाच्या तक्त्यात आहे
हे मी अजून शोधते आहे.

पहाटे चार वीस. माझ्याही नळाला खोकला येतो,
मग धार.
पिंप भरताना मी आटे मोजते,
एकोणतीस, तीस,
खाली कुठेतरी रेडीजच्या खांद्याचा सांधा वाजत असेल.
२०५१ साली मी पंच्याऐंशीची.
एकशे पस्तीसातलं किती लिटर
मला लागेल तेव्हा?
ते माझ्या नावावरून आत्ताच वजा करता येतं का,
नियम बघायला हवा.

कचेरीत जाऊन तुटीच्या शेजारी
पट्टी धरून एक रेघ ओढली.
सातवा रकाना. मथळा सुचत नाही.
त्यात तूर्त दोन नोंदी:
चौतीस.
आणि खाली, बारीक: एक तांब्या, देणं.

साहेब विचारतील, एकक काय?
बघू.
पेन्सिलीला टोक काढून ठेवलं आहे.