तिसरा खण

दौलतगंजातल्या औषधांच्या दुकानात
बारा वर्षं तिसऱ्या खणाची किल्ली माझ्याकडे होती.
पुरुष यायचे रात्री, शटर अर्धं पडल्यावर.
नाव घ्यायचे नाहीत, हनुवटीनं दाखवायचे,
मी पाकीट जुन्या पेपरात गुंडाळून द्यायचो,
चोरीचं घड्याळ द्यावं तसं.
बायका यायच्या भरदुपारी.
मुठीत घामानं मऊ झालेली चिठ्ठी,
आणि एक आकडा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा:
“अठारह दिन ऊपर हो गए, भैया.”

होळीच्या आधी मालक म्हणाले, तो माल आता ठेवायचा नाही.
दोन वह्या, तीन सह्या, वर तपासणीवाल्यांचा चहा;
मिळतात किती अन् कटकट किती.
मी खणात ओआरएसची पाकिटं भरली.
जयेंद्रगंजातल्या डॉक्टरीणबाई लेकाकडे गेल्या कायमच्या,
त्यांच्या खुर्चीतली नवी म्हणते, आधी नवऱ्याला आणा.

मग ती आली. हातात मुलाचा डबा, आतला चमचा वाजत होता.
मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग कुठे?
समोर तिचा नवरा, स्कूटर चालूच ठेवून
मोबाईलमध्ये काहीतरी बघून हसत होता.
मी त्याच्याकडे रागानं पाहिलं
आणि पाहता पाहता
ते हेल्मेट मला ओळखीचं वाटायला लागलं.

कारण तीन वर्षांपूर्वी त्याच खणातलं एक पाकीट
मी खिशातून घरी नेलं होतं, पेपरमिंट न्यावं तसं.
शलाकाला दिलं, दोनदा समजावलं, आधी ही, मग त्या चार,
आणि दहाला दुकान उघडायला गेलो.
ती दिवसभर मोरीच्या उंबऱ्याशी बसून होती.
संध्याकाळी मी विचारलं, जेवलीस का?
त्याआधी तांबी, तिनं कंबर धरली म्हणून काढलेली.
त्याआधी गोळ्या, त्यांनी आलेली मळमळ.
दाराआडच्या कॅलेंडरवर लाल पेनाची गोल गोल वर्तुळं,
मला वाटायचं, दुधाचा हिशोब.

आमच्याकडे वरातीत दुनळी घेऊन नाचतात,
आभाळाला भोकं पाडतात,
आणि एका टोचणीचं नाव काढलं
की मूठभर होतात.
मी त्यांच्यातलाच. बंदूक तेवढी नव्हती.

मंगळवारी मुरारच्या दवाखान्यात गेलो.
शिबिराचा दिवस. सतरंजीवर अकरा बायका ओळीनं,
हिरवे गाऊन, काढून रुमालात बांधलेल्या बांगड्या.
सिस्टरनं माझा फॉर्म उलटा केला, सुलटा केला:
“पेशंट कहाँ है?”
मी म्हटलं, मीच.
अकराच्या अकरा माना वळल्या.
एक म्हातारी सासू पदर तोंडाशी नेऊन पुटपुटली,
बिचारा, घरात कुणी नसेल.

पंधरा मिनिटं. टाका नाही.
बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो
आणि टेम्पोत जरा तिरका बसलो.

घरी वाटलं होतं, शलाका काहीतरी म्हणेल.
ती भेंडी चिरत होती.
म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले?
तीन महिने अजून जपायचं, मग तपासणी.
“मग तारखा तूच लिही,” ती म्हणाली,
आणि लाल पेन माझ्यासमोर ठेवलं, टोपण काढून.
रात्री, दिवा गेल्यावर, पाठमोरीच:
“आता मी आभार मानायचेत का तुझे?”
मी नाही म्हटलं.
बराच वेळ दोघंही जागे होतो.

खण तसाच आहे. किल्लीही.
माझ्या त्या पंधरा मिनिटांनी
डबेवालीला काही मिळालं नाही;
ती पुन्हा आली नाही, कुठे गेली ठाऊक नाही.
एवढंच झालंय, की आता
स्कूटर चालू ठेवून कुणी बाहेर थांबला
तर मी काउंटरची फळी उचलून रस्त्यावर जातो,
म्हणतो, भाऊसाहेब,
गाडी बंद करा. आत या.
चिठ्ठी तुमचीही आहे.