होणे

खानापूरच्या तहसील कचेरीबाहेर
पत्र्याखाली माझं टेबल.
मराठीत ऐकायचं, कानडीत टाइप करायचं,
पानाला तीस रुपये, झेरॉक्स वेगळी.

सोमवारी तिघंचौघं एकदम आले.
दस्तगीरच्या रिक्षावर फणस पडला होता,
बारा किलोचा. हूड फाटलं, नळी वाकली,
गॅरेजवाल्याची चिठ्ठी तीन हजार दोनशेची.

मष्णू घाडी म्हणाला, झाड माझं, मान्य की.
बुंधा माझ्या परड्यात. खरं फांदी रस्त्यावर आलीय
आणि रस्ता पंचायतीचा.
मी काय फणसाला सांगितलो काय, पड म्हणून?

फांदीवर चढून दर वर्षी उतरवतोस कोण?
दस्तगीरनं विचारलं. बाजारात विकतोस कोण?
काढलास की तुझा,
पडला की देवाचा?

पंचायतीचा मेंबर उभ्या उभ्याच बोलला:
रिक्षा पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर होती.
पट्टा तीन वर्षांपूर्वीच पुसून गेलाय, साहेब.
ते वेगळं, पट्टा होता ना?

विम्याचा कागद आणला होता त्यानं, चार घड्यांचा.
वाचला मी. थर्ड पार्टी.
फणस कुठल्याच पार्टीत बसेना.

फिलोमिना बाई हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या,
त्यांचा काही संबंध नव्हता.
त्या म्हणाल्या, फांद्या छाटायला माणूस ठेवा की कायमचा.
मेंबर म्हणाला, ठेवतो. घरपट्टी वाढवू?
तेव्हा रांगेतला प्रत्येक जण
आपापल्या कागदांत काहीतरी शोधू लागला.

मग मी विचारलं, फणस कुठाय?
अर्जाला पुरावा लागतो.

फणस गल्लीनं खाल्ला होता.
मष्णूनंच हाताला तेल लावून चिरला,
दस्तगीरच्या घरी ताट भरून गेलं,
मेंबरच्या आईला कापा गरा आवडतो म्हणून वेगळा.
आणि माझ्याकडेही आले होते सहा गरे,
स्टीलच्या डब्यात. बिया मिठात उकडून
रात्री सिरियल बघत संपवल्या.
तो डबा या क्षणी टेबलाखाली होता,
घासलेला, परत द्यायचा राहिलेला.

दस्तगीर जरा वाकून हळू बोलला:
मागच्या सीटवर रोज असते ती पोरगी,
चौथीतली. त्या दिवशी पेन्सिल घ्यायला उतरलेली.
मी बोटं कीबोर्डवर ठेवली.
नको, म्हणाला. ते लिहू नका.
त्याची चिठ्ठी कुठलं गॅरेज देणार?

फॉर्मात एक रकाना आहे: होणे.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जबाबदारी.
आमच्या भाषेत, नुसतंच घडणं.
बत्तीस वर्षं टाइप करतेय, आधी टाइपरायटरवर,
तरी इथं आलं की बोट अडतं.
ते लोक ओ आखूड म्हणतात, आम्ही लांबवतो,
एवढीच काय ती फट,
आणि तिच्यातून आख्खी गल्ली पलीकडे जाते.

निम्मे देतो, मष्णू एकदम म्हणाला.
खरं निम्मे म्हणजे कबुली नव्हे, तसं घाला त्यात.
दस्तगीर म्हणाला, कबुली ठेव तुझ्याकडं,
नळी सरळ करून दे.
उरलेल्या निम्म्यासाठी पंचायतीला अर्ज.
तो मी लिहिला. रकाना तेवढा कोरा सोडला.
आत क्लार्कनं बघितलं, म्हणाला, नाळे बा.

पानाचे तीस कुणी द्यायचे
यावर बाहेर पुन्हा थोडा वेळ गेला.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेले.
वर अजून चार लोंबतायत, एक तर चांगलाच पिकलाय,
वास रस्त्यापर्यंत.
आणि खाली, नेमकी त्याच फांदीखाली,
फाटक्या हुडाची रिक्षा लावून
दस्तगीर आत झोपलेला.
काय करणार, म्हणाला जागा होऊन,
सावली इथंच पडते.