किती वेळ थांबलाय

विर्त्सूच्या धक्क्यावर रात्री दीडला
बर्फ आडवा पडतो.
तिकीटघरामागच्या खोलीत उर्वे
ओले मोजे हीटरवर टाकून
अनवाणी बसली आहे संगणकाशी.

शुक्रवारी काय झालं ते साऱ्या बंदराला ठाऊक आहे.
मुहू बेटाकडे निघालेल्या दोन-अडीचशे गाड्या,
फाटकावर लाल दिवा,
तिकीट वाचणारं यंत्र मुकं.
आणि डेटाबेस?
तो ठणठणीत होता,
जेवून बसल्यासारखा निवांत.
अडलं होतं त्याच्या दारात.

दारात एक राखणदार असतो.
त्याच्याकडे वीस किल्ल्या, मागणारे हजार.
एकाला देतो, काम झालं की परत घेतो,
आणि कोमट आहे तोवरच
पुढच्याच्या तळहातावर ठेवतो.
चार वर्षं हेच करत आला,
पण कुणी विचारलं नाही कधी,
बाबा रे, बाहेर कितीजण उभे आहेत?

आज विचारायची सोय होते आहे.

उर्वेने आधी एक नवा माणूस घडवला.
नाव ठेवलं वात्लेया,
त्यांच्या भाषेत, नुसता बघणारा.
त्याला काही उघडता येत नाही,
बंद करता येत नाही,
कुणाला हाकलता येत नाही.
दर पंधरा सेकंदांनी यायचं, आकडे बघायचे, निघायचं.
राखणदाराने त्याला ओळखच दिली नाही.
यादीत नाव घातलं, तरी नाही.
पाऊण तासाने सापडला
न दिलेला एक स्वल्पविराम.

मग उमटले आकडे:
किल्ल्या वापरात सात, खुंटीवर तेरा,
थांबलेले शून्य.
पडद्यावर हिरवी रेघ,
गोठलेल्या सामुद्रधुनीइतकी सपाट.

एन्डेल आत आला, बूट आपटत.
एकतीस वर्षं गाड्या रांगेत लावतो आहे.
थर्मासातला चहा झाकणात ओतून
त्याने विचारलं, हे काय?
सरासरी ताटकळणं, उर्वे म्हणाली,
ते वाढलं की घंटा वाजेल.

“सरासरी कधी उभी असते गं रांगेत?
मला तर अजून भेटली नाही.
मी सगळ्यात आधीपासून थांबलेल्या गाडीपाशी जातो,
काचेवर टकटक करतो,
किती वेळ झाला विचारतो.
मागच्या सीटवर ज्याच्या बायकोला कळा येताहेत
तो तुझ्या त्या रेघेत
कुठे दिसणार?”

उर्वे काही बोलली नाही.
मोजे उलटे केले.
मग तो नियम पुसून नवा लिहिला:
सर्वांत जास्त थांबलेला किती वेळ थांबलाय?
तीन सेकंदांपुढे गेला, तर मला उठव.

घंटा वाजते का ते मात्र बघायला हवं.
तिने स्वतःच वीसही किल्ल्या उचलल्या,
वीस वाक्यं सुरू केली
आणि एकही पूर्ण केलं नाही.
एकविसावा मुद्दाम उभा केला दारात, बर्फात.
एक.
दोन.
तीन.
चार.
टेबलावरचा फोन थरथरला.
एन्डेलने झाकण उंच केलं, लग्नात करतात तसं.

ती हसता हसता थांबली.
थांबलेले: दोन.

मी तर एकच उभा केला होता.

एन्डेल आधीच खिडकीशी.
फाटकावर रिकामा दुधाचा टँकर,
पहिल्या बोटीसाठी फारच लवकर आलेला.
काच खाली, हात बाहेर,
हातात फोन, फोनवर तिकीट,
तिकिटावर बर्फ साठतोय.
अकरा सेकंद. बारा.

उर्वेची बोटं वीसही वाक्यांना
एकाच दमात पूर्णविराम देत सुटली,
तोवर एन्डेल टोपी चढवून बाहेर पडला होता.
फाटक उघडलं तसं दिव्याखाली दिसलं,
तो काचेपाशी वाकून काही विचारतो आहे,
आणि ड्रायव्हर उत्तर देताना
हात बगलेत घालून ऊब घेतो आहे.

तिने वहीत वेळ टिपली.
मग तीनचे दोन केले.