प्लीज ॲडजस्ट

ड्रॉइंगवर पंचवीसच्या पुढं एक खूण होती,
अधिकच्या खाली वजा, एकावर एक बसलेले,
आणि मग पॉइंट शून्य दोन.
मी विचारलं, मिस्त्री, हे काय?

दादू मिस्त्रींनी चहाचा कप लेथच्या बेडवर ठेवला
(आम्ही ठेवला की ओरडतात)
आणि म्हणाले, टॉलरन्स.
टॉलरन्स म्हणजे?
आयटीआयच्या मराठी पुस्तकात ‘सह्यता’ लिहिलं होतं,
वर्गात ते कुणालाच सहन झालं नव्हतं.

मिस्त्री पत्र्याकडं बघत राहिले जरा वेळ.
केएमटीत दोघींच्या सीटवर तिसरी बाई येती,
ती काय म्हणती?
प्लीज ॲडजस्ट.
हां, तेच. शाफ्ट बेअरिंगला म्हणतोय,
प्लीज ॲडजस्ट.

उद्यमनगरातली ती अख्खी गल्ली खडखडत होती
आणि मला एकदम समजलं.

दिवसभर मायक्रोमीटर फिरवला.
रॅचेटचे तीन टिकटिक, मग वाचायचं.
पंचवीस पॉइंट शून्य एक. चालतंय.
चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. चालतंय की.
चोवीस पॉइंट सत्त्याण्णव.
भंगारात टाक, मिस्त्री म्हणाले.
एवढ्यानं? केसाएवढंसुद्धा नाही हो!
जाड असता तर परत घासला असता, पोरी.
हा आधीच जास्त घासलाय.
आता ह्याला कुठं बसवणार?
ॲडजस्ट म्हणजे वाट्टेल तेवढं न्हवं,
किती, ते आधी कागदावर असतंय.
खाली सही असती.

फुलेवाडीच्या बसमध्ये खरंच एक बाई म्हणाली,
प्लीज ॲडजस्ट.
मी सरकले. तिची मेथी माझ्या मांडीवर आली.
आमचा स्टॉप येईपर्यंत ती
तिच्या जावेबद्दल बोलत होती.

घरी आक्का आलेली, गडहिंग्लजहून.
यंदाची चौथी खेप.
बॅग दाराशीच, चेन लावलेली.
आबा तिला हळू आवाजात, मायेनंच सांगत होते,
थोडं ॲडजस्ट कर, बाळ.
आक्का मान हलवत होती.
तिनं केस मागं सारायला हात वर केला
आणि बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या.

मी हात धुतले. कूलंटचा वास
साबणानं जात नाही.
तसंच बाहेर येऊन विचारलं,
आबा, किती?
काय किती?
थोडं म्हणजे किती?
प्लस किती, मायनस किती?
आबांना वाटलं, पगाराचं काही बोलतेय.
कळल्यावर म्हणाले,
पोरीच्या जातीला असलं माप असतंय व्हय?

आईनं गॅस बारीक केला,
पण बोलली नाही.

बॅग मीच आत नेली. जड होती.
वर दोन साड्या, स्वेटर,
आणि तळाशी, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
दहावीचं सर्टिफिकेट.

रात्री दिवा घालवल्यावर
अंधारातून आक्का म्हणाली,
सकाळी बस कितीला असती गं तुझी?