ळ

सावद्याच्या छापखान्यात ळ नेहमी कमी पडायचा.
केसातलं त्याचं घर लहान, तळाशी मूठभर खिळे,
तेही झिजलेले. आणि सुपडू चावदस नेहेते
लिहायचे केळीवर.

दिवसभर फ्रूट सेलच्या काट्यावर घडांची वजनं,
वॅगन भरली की पावतीच्या पाठीवर
गोष्ट.
एका बाजूला बावीस किलो, हमाली वेगळी,
दुसऱ्या बाजूला दिल्ली बघायला निघालेला घड
फटीतून बऱ्हाणपूरचे दिवे मोजतोय.
कुठली बाजू छापायची, मी एकदा विचारलं.
म्हणाले, खरी वाटेल ती.

मी जुळारी. त्यांचा पहिला वाचक,
पण उलटा.
त्यांचं एकूण एक वाक्य मी पाठमोरं पाहिलंय.
मे महिन्यात शिसंसुद्धा हाताला चटके द्यायचं,
तेव्हा त्यांनी उन्हाला ताप आल्याची गोष्ट आणली:
ऊन विहिरीच्या पायरीवर येऊन बसतं,
कपाळावर ठेवायला ओलं फडकं मागतं,
गावात कोणी देत नाही.
म्हशीकडे फडकं नसतं. ती उठते
आणि त्याच्यावर आपली सावली धरते.
इथे मी स्टिक खाली ठेवली. मालकांनी पाहिलं.
परत उचलली.

तिसऱ्या पानावर ळ संपले.
भाऊ, जळगावहून यायला आठवडा लागेल.
ते काट्यावरून तसेच आलेले, बोटांना चीक,
सदऱ्यावर केळीचे ते डाग, जे सदरा फाटला तरी जात नाहीत.
म्हणाले, य घाल.
य?
आपली पोरं काय म्हणतात? केयं. शाया. आभाय.
घाल. य तर ढीगभर आहेत तुझ्याकडे.

असं ते पुस्तक निघालं. चोवीस पानं, आठ आणे.
बाजाराच्या दिवशी ते वांगेवालीशेजारी गोणपाट टाकून बसले.
घरी पाळणा हलला नाही म्हणून लिहितात, लोक म्हणायचे,
जणू पाळण्यातून पुस्तकं निघतात.
पोरांशी त्यांना बोलता यायचं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.
पोर जवळ आलं की आवाज काट्यावरचा व्हायचा:
काय पाहिजे? किती?
पोर पुस्तक ओढून पळायचं.
ते वहीत लिहायचे, तूट एक.

तडव्यांची मेहमूदा छापखान्याच्या पायरीवर बसली होती,
अक्षराखाली बोट.
आ. भा. य.
थांबली. पुन्हा बोट मागे नेलं.
"हे त आमचंच हाये."
भाऊ तेव्हा दारातच होते
आणि सगळं लक्ष लावून
समोरच्या सायकलीच्या दुकानाकडे बघत होते.

मग जिल्ह्याहून पत्र: लेखन अशुद्ध,
शाळांकरिता शिफारस करता येत नाही.
पत्रातले ळ सगळे जागच्या जागी.
भाऊंनी ते उलटवलं. पाठ कोरी होती.
तिच्यावर मुंगसाची गोष्ट आली.

अशी अकरा. बाराव्याच्या वेळी
त्यांनीच जळगावहून ळ आणले, पदरच्या पैशाने,
पुडी माझ्या हातावर ठेवली.
आता कशाला, भाऊ?
यात आभाळ बोलतं, म्हणाले.
ते बाहेरगावचं. शुद्ध बोलतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.
गॅलीवर दीड पान सुतळीने बांधलेलं,
शेवटची ओळ:
आणि आभाळ खाली वाकून म्हणालं,

सहा महिने मी ती सुतळी सोडली नाही.
लगीनसराई आली. मालक म्हणाले, पत्रिका खोळंबल्यात,
वेळ लागतो, स्थळ लागतं, ळ कुठून आणू?
मी गाठ सोडली.
एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात टाकला.
त्यांचे ळ चौधऱ्यांच्या लग्नाला गेले.
तो स्वल्पविराम तेवढा
खिशात घातला.

धुण्यात गेला.